काचेआडचे ऊन

घराला एक खोली वाढवायची ठरली, की पहिला प्रश्न निघतो तो जागेचा आणि दुसरा पैशाचा. ती खोली कोणत्या दिशेला असावी, तिला भिंत किती असावी आणि उघडीप किती, हे प्रश्न बहुधा गवंड्यावर सोडून दिले जातात. तथापि अमेरिकेत एक गाव असे होऊन गेले, की जेथे शेकडो घरांनी अशी एक खोली वाढवली आणि ती बांधताना दिशा, भिंत व उघडीप यांचाच विचार सर्वांत आधी केला. कारण त्या खोलीत जो निजणार होता तो जगेल की मरेल, हे बऱ्याच अंशी या तीन गोष्टींवर अवलंबून आहे, अशी त्या गावाची श्रद्धा होती.

त्या गावाचे नाव सॅरनॅक लेक. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस ॲडिरॉन्डॅक नावाचे डोंगर आहेत. त्या डोंगरांत, तळ्यांच्या आणि देवदारांच्या सोबतीने हे गाव वसले आहे. हिवाळ्यात तेथे पारा शून्याखाली २०-३० अंश उतरतो. अशा ठिकाणी माणसे घराबाहेर, उघड्या ओसरीवर, अंगावर फरचे कोट आणि कांबळी ओढून दिवसचे दिवस पडून राहत. रात्रीही तेथेच निजत. ही माणसे क्षयरोगी होती. आज अमेरिकेत, कॅनडात किंवा इंग्लंडात स्थायिक झालेला आपला एखादा नातेवाईक 'घराला सनरूम वाढवायची आहे, कोणत्या प्रकारची बांधावी?' असा प्रश्न सहजपणे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नामागे ही माणसे उभी आहेत याची त्याला बहुधा कल्पना नसते. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाची वंशावळ थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

वंशावळ म्हणण्याचे कारण असे, की आजच्या सनरूमला दोन वेगवेगळी घराणी लाभली आहेत. एक घराणे झाडांचे, दुसरे रोग्यांचे. पहिल्याने काच बंद केली आणि ऊब कोंडून ठेवली. दुसऱ्याने काच सरकवली आणि वारा आत घेतला. निवड करताना माणूस नकळत या दोहोंपैकी एकाच्या बाजूने कौल देत असतो.

झाडांचे घराणे

सूर्यासाठी वेगळी खोली बांधण्याची कल्पना फार जुनी आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने समुद्राकाठच्या आपल्या लॉरेन्टम येथील घराचे वर्णन एका पत्रात केले आहे. त्यात उन्हाने तापणाऱ्या एका खोलीचा उल्लेख येतो. त्या खोलीला त्याने 'हेलिओकॅमिनस' म्हटले आहे. 'हेलिओस' म्हणजे सूर्य आणि 'कॅमिनस' म्हणजे भट्टी. थोडक्यात, सूर्याची भट्टी. पुढे रोमन कायद्यानेही या खोल्यांची दखल घेतली. शेजाऱ्याने झाड लावून अशा खोलीवर सावली पाडली, तर जेथे ऊन आवश्यक आहे तेथे ते अडवल्यामुळे हक्काचा भंग होतो, असे मत उल्पियन या कायदेपंडिताने नोंदवून ठेवले आहे. उन्हावरही माणसाचा हक्क असू शकतो हा विचार इतका पुरातन आहे.

त्यानंतर युरोपात काचघरे वाढली ती माणसांसाठी नव्हे, संत्र्यांसाठी. दक्षिणेकडची संत्री-लिंबे उत्तरेच्या थंडीत जगत नसत. म्हणून राजेरजवाड्यांनी त्यांच्यासाठी दालने बांधली. त्यांना 'ऑरेंजरी' हे नाव पडले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी व्हर्साय येथे ज्यूल आर्दुआँ-माँसार याने १६८४ ते १६८६ या काळात बांधलेली ऑरेंजरी प्रसिद्ध आहे. तिचे मुख्य दालन दीडशे मीटरहून अधिक लांब असून तोंड दक्षिणेला आहे. जाड भिंती, मोठ्या खिडक्या आणि दक्षिणेचे ऊन यांच्या बळावर तेथे झाडे हिवाळा काढतात आणि उन्हाळा आला की कुंड्यांसह बाहेर अंगणात येतात.

परंतु ऑरेंजरीला एक मूळचाच दोष होता. तिचे छप्पर पक्के असे. प्रकाश फक्त बाजूच्या खिडक्यांतून येई. लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात विल्यम चेंबर्स या वास्तुशिल्पज्ञाने १७६१ मध्ये अशीच एक देखणी ऑरेंजरी उभारली. इमारत सर्वांना आवडली, पण झाडांना ती मानवली नाही. आत पुरेसा उजेडच नव्हता. दिसायला सुंदर असलेली खोली ज्याच्यासाठी बांधली त्याच्या उपयोगाची असतेच असे नाही, हा धडा क्यूच्या संत्र्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे.

मग सगळे छप्परच काचेचे का केले नाही? त्याला दोन अडथळे होते. एक तंत्राचा, दुसरा सरकारी. लाकडी चौकटी जाड असत आणि त्यांची सावली पडे. १८१६ मध्ये जॉन क्लॉडियस लाउडन याने बाक देता येईल अशी लोखंडाची बारीक पट्टी शोधून काढली, आणि काचेला गोल घुमट मिळू शकला. दुसरा अडथळा कराचा. इंग्लंडात १६९६ पासून खिडक्यांवर कर होता आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासून काचेवरही कर बसला. गरिबाने घराला खिडकी ठेवायची तर तिचेही पैसे मोजायचे, असा तो न्याय होता. कर चुकवण्यासाठी विटांनी बुजवलेल्या खिडक्या इंग्लंडच्या जुन्या घरांवर आजही दिसतात. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये.

याच सुमारास काचघरांचे युग बहरले. क्यू येथील पाम हाउस १८४४ ते १८४८ या काळात उभे राहिले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ च्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन याने क्रिस्टल पॅलेस उभारला. त्याला सुमारे ३ लाख तावदाने लागली. पॅक्स्टन हा मूळचा माळी. वनस्पतींसाठी काचघरे बांधता बांधता तो त्या कलेत निष्णात झाला होता. या लाटेचा एक शिंतोडा आपल्या देशावरही उडाला. बंगळूरच्या लालबागेतील काचघराची कोनशिला १८८९ मध्ये बसवली गेली, आणि त्याचा नमुना क्रिस्टल पॅलेसचा होता. आणखी एक काचघर आपल्याकडे आले, पण ते पेटीएवढे होते. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला १८२९ मध्ये असे आढळले, की बंद काचेच्या भांड्यात ओलाव्यावरच रोपटे जगते. त्यावरून त्याने काचेच्या पेट्या तयार केल्या. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली.

श्रीमंत इंग्रजांच्या घरांना मग 'कॉन्झर्व्हेटरी' जोडली गेली. दिवाणखान्याला लागून काचेची खोली, तीत नेचे, तीत वेताच्या खुर्च्या. आज सनरूमच्या जाहिरातीत 'व्हिक्टोरियन' म्हणून जो प्रकार दाखवतात तो हाच. त्याचे कुळ उघड आहे. ऊब कोंडणे हा त्याचा धर्म. कारण तो झाडांसाठी जन्मला.

रोग्यांचे घराणे

दुसऱ्या घराण्याची कथा दुःखाची आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत क्षयाने जितके तरुण बळी गेले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या रोगाने गेले असतील. रोगाचे कारण माहीत नव्हते. खोकला वाढू नये म्हणून रोग्याच्या खोलीच्या खिडक्या घट्ट लावून घेत. न्यूयॉर्कचा एक तरुण १८६५ मध्ये आपल्या क्षयी भावाची शुश्रूषा करीत होता. खिडकी उघडू नये असा वैद्यांचा सल्ला होता. त्या बंद खोलीत तो भावाजवळ राहिला, त्याच्या शेजारी निजला. भाऊ वर्ष संपण्यापूर्वी गेला. त्या तरुणाने पुढे वैद्यकाचा अभ्यास केला, लग्न केले, आणि १८७३ मध्ये त्याच्याच फुप्फुसांत क्षयाची लक्षणे दिसली. त्याचे नाव एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रुडो.

मरायचेच आहे तर आवडत्या जंगलात मरू, अशा विचाराने ट्रुडो ॲडिरॉन्डॅकमध्ये गेला. तेथे तो मेला नाही. उघड्यावर राहून त्याची प्रकृती सुधारली. शहरात परतला की ती बिघडे. डोंगरात गेला की सावरे. अखेर १८७६ मध्ये त्याने सॅरनॅक लेक येथे मुक्काम हलवला. तेव्हा ते मूठभर घरांचे खेडे होते.

१८८२ हे वर्ष त्याच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्या वर्षी २४ मार्च रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जर्मनीतील ब्रेमर आणि डेटवायलर या डॉक्टरांनी चालवलेल्या आरोग्यधामांची माहिती ट्रुडोच्या वाचनात आली. डोंगरातली हवा, भरपूर अन्न आणि ओसरीवर पडून घेतलेली सक्तीची विश्रांती, असा त्यांचा उपचार होता. ट्रुडोने दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. घरातच प्रयोगशाळा थाटून तो जंतू वाढवू लागला. आणि १८८४ मध्ये त्याने गरीब रोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. त्याची पहिली कुटी 'लिटल रेड' या नावाने प्रसिद्ध आहे. १४ फूट बाय १८ फूट एवढीच ती खोली. तिच्यात पहिल्यांदा राहायला आल्या त्या न्यूयॉर्कच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन बहिणी. कुटीला पुढे एक ओसरी होती. ती इतकी लहान, की एका वेळी एकाच रोग्याला तेथे कसेबसे बसता येई, असे पुढे ट्रुडोनेच लिहून ठेवले. ज्या ओसरीसाठी हे गाव नावाजले, तिचा आरंभ असा तोकडा होता.

हवा आणि परिसर यांचा रोगावर खरोखर परिणाम होतो का, हे पाहण्यासाठी ट्रुडोने सशांवर एक प्रयोग केला. पंधरा सशांचे तीन गट केले. पहिल्या गटाला क्षयाचे जंतू टोचून एका बेटावर मोकळे सोडले. दुसऱ्या गटाला तेच जंतू टोचून अंधाऱ्या, ओलसर जागेत कोंडले. तिसऱ्या गटाला जंतू टोचले नाहीत, पण ठेवले दुसऱ्या गटासारख्याच वाईट जागी. बेटावरच्या पाचांपैकी एकच मेला. अंधारात कोंडलेल्या पाच रोगी सशांपैकी चार मेले. ज्यांना जंतू टोचलेच नव्हते ते पाचही वाईट जागेत राहूनही क्षयापासून मुक्त राहिले. या प्रयोगाचे दोन निष्कर्ष होते. वाईट घर क्षय निर्माण करीत नाही, तो जंतूच करतो. पण जंतू शरीरात शिरल्यानंतर माणूस कोठे राहतो यालाही महत्त्व असते. पंधरा ससे हा काही मोठा पुरावा नव्हे. परंतु एका संपूर्ण गावाची वास्तुकला त्या सशांच्या पाठीवर उभी राहिली.

ओसरीची निवड

ट्रुडोच्या आरोग्यधामात जागा मर्यादित होती आणि तेथे प्रामुख्याने रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतले रोगी घेत. उरलेले कोठे जाणार? ते गावात राहू लागले. गावकऱ्यांनी आपल्या घरांत खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. विधवा बायकांनी, बरे झालेल्या रोग्यांनी, सुतारांनी, दुकानदारांनी घरांना ओसऱ्या जोडल्या. त्या ओसरीला 'क्युअर पोर्च' म्हणत. आपण तिला उपचार-ओसरी म्हणू. ओसरी नसेल त्या घराला भाडेकरू मिळणे कठीण झाले. घराला सनरूम वाढवण्याचा प्रश्न येथे प्रथमच सामान्य माणसाच्या दारी आला, आणि तो हौसेचा नव्हता, पोटाचा होता. रोग्याच्या बाजूने पाहिले तर तो प्राणाचा होता.

पहिली निवड दिशेची. सॅरनॅक लेक विषुववृत्तापासून ४४ अंश उत्तरेला आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर चढतो, तोही दक्षिणेकडे. म्हणून दक्षिणेच्या किंवा आग्नेयेच्या ओसरीत हिवाळ्याचे ऊन आतपर्यंत पोहोचते. जूनमध्ये तोच सूर्य ६९ अंशांवर जातो. तेव्हा ओसरीचे साधे छप्परच सावली धरते. उत्तरेची ओसरी बर्फाची आणि पश्चिमेची उन्हाळ्यात तापणारी. आजच्या सौरघरांचे पहिले सूत्र हेच आहे.

दुसरी निवड मजल्याची आणि दाराची. रोग्याला जिने चढायला लावू नये, तसेच ऊबदार खोली आणि थंड ओसरी यांमध्ये त्याचे हाल होऊ नयेत, म्हणून ओसरी निजण्याच्या खोलीलाच लागून काढीत. मग ती वरच्या मजल्यावर का असेना. मधले दार इतके रुंद ठेवीत, की चाकांची खाट तशीच बाहेर ढकलता यावी. एकाच घरावर मजल्यावर मजला अशा दोन-तीन ओसऱ्या चिकटलेल्या दिसत. बाहेरून ते घर ओबडधोबड वाटे. परंतु आतल्या माणसाची सोय त्यात नेमकी पाहिलेली असे.

तिसरी निवड सर्वांत अवघड, ती काचेची. पूर्ण उघडी ओसरी स्वस्त, पण वारा आणि बर्फ थेट अंगावर. पूर्ण काचेची ओसरी ऊबदार, पण मग हवेचे काय? गावाने मधला मार्ग काढला. ओसरीला सरकती काचेची तावदाने बसवली. वादळात ती लावून घ्यायची, एरवी बाजूला सारायची. मात्र ओसरी तापवायची नाही, हा नियम होता. थंडी हा उपचाराचाच भाग मानला जाई. रोगी रुंद हातांच्या कलत्या लाकडी खुर्चीत, पायाशी गरम पाण्याची बाटली घेऊन दिवसाचे सात-आठ तास पडून राही. त्या खुर्चीवर वाचन, जेवण, पत्रलेखन आणि पुष्कळदा एकमेकांवर प्रेमही होई. रस्त्यावर थुंकण्यास बंदी असे.

याच काळात हा विचार गावाबाहेर पसरला. थॉमस स्पीस कॅरिंग्टन यांनी १९१२ मध्ये शुद्ध हवेचा उपयोग कसा करावा यावर एक पुस्तकच लिहिले. शहरातल्या सामान्य घराला ओसरी कशी जोडावी, गच्चीवर निवारा कसा करावा, तेवढीही ऐपत नसेल तर खिडकीलाच तंबू कसा बसवावा, असे प्रकार त्यात सचित्र दिले होते. ऐपतीप्रमाणे प्रकार, पण हवा मात्र सर्वांना, ही त्यामागची भूमिका होती. पुढे निरोगी माणसांनीही घरांना 'स्लीपिंग पोर्च' जोडले, आणि काही वर्षांत त्यांना काचा लागून त्यांचे 'सन पार्लर' झाले.

धर्मसंस्थाही या कार्यात मागे नव्हत्या. सॅरनॅक लेकपासून काही मैलांवर सिस्टर्स ऑफ मर्सी या संस्थेच्या धर्मभगिनींनी १८९० च्या दशकात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उघडले. आपल्या भागातही पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये 'बेल-एअर' आरोग्यधाम काढले, आणि मिरजेजवळ मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या नावाची वानलेसवाडी याच कार्यातून ओळखीची झाली.

ऊन की वारा?

येथे एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. या खोल्यांना आपण सूर्याचे नाव देतो, पण रोग्याला लाभ कशाचा झाला? उन्हाचा की वाऱ्याचा?

सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्येच दाखवले होते. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार केला आणि त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे डॉ. ऑग्यूस्त रोलिए यांनी हाडांच्या क्षयासाठी सूर्यस्नानाचे रुग्णालय काढले. पण हे सारे उघड्या सज्जावर चाले. साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते. त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण मात्र बहुतांशी अडतात. म्हणजे बंद काचघरात बसून घेतलेले ऊन हे अर्धेच ऊन. १९२० च्या दशकात हे किरण आत सोडणारी खास काच बाजारात आली, परंतु ती महाग होती आणि फार टिकली नाही. उलट फुप्फुसाच्या क्षयात कडक ऊन अपायकारक ठरू शकते, असे आरोग्यधामांतले डॉक्टर बजावीत.

मग वाऱ्याचे काय? हे खरे, की वाऱ्याने आणि विश्रांतीने क्षय निश्चितपणे बरा होतो असे पुढे सिद्ध झाले नाही. पुष्कळ बरे झाले, पुष्कळ दगावले. खुद्द ट्रुडोची तरुण मुलगी १८९३ मध्ये क्षयानेच गेली. जगातील उत्तम उपचार-ओसऱ्या तिच्या वडिलांच्या गावात होत्या. ट्रुडोही आयुष्यभर रोगाशी झगडत १९१५ मध्ये निवर्तले. फिलिपीन्सचे अध्यक्ष मानुएल केसोन मायभूमीपासून दूर, याच गावात १ ऑगस्ट १९४४ रोजी मरण पावले. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८७-८८ चा हिवाळा येथे काढून तगला, आणि संगीतकार बेला बार्टोक याने १९४३ च्या उन्हाळ्यात येथेच आपली एक थोर वाद्यरचना लिहिली. ओसरीने कोणाला तारले आणि कोणाला नाही याचा हिशेब मांडणे अवघड आहे.

एक गोष्ट मात्र आजचे विज्ञान मान्य करते. क्षय हवेतून पसरतो. बंद खोलीत पसरतो. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, खिडक्या उघड्या ठेवल्या असता, नव्या यंत्रांनी हवा खेळवलेल्या खोल्यांपेक्षाही हवा अधिक वेगाने बदलते आणि संसर्गाचा धोका कमी होतो, असे त्यात आढळले. ओसरीने रोग्याला बरे केले की नाही, हा वाद राहो. रोग्याची बायको, भाऊ आणि मुले यांना तिने निश्चित काही संरक्षण दिले असेल. १८६५ मध्ये त्या बंद खोलीची खिडकी कोणी उघडली असती, तर ट्रुडोचे आयुष्य कदाचित वेगळे झाले असते.

ओसरीनंतर

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि काही वर्षांतच चित्र पालटले. ट्रुडोचे आरोग्यधाम १९५४ मध्ये बंद झाले. शेवटचा निर्णायक पुरावा मात्र आपल्या देशातून आला. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच औषधे दिली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगाला थक्क करणारा होता. दोन्ही गटांत रोग बरा होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच होते, आणि घरी राहिलेल्या रोग्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे अधिक धोका पोहोचला नाही. औषध नियमित मिळाले तर डोंगर लागत नाही, ओसरीही लागत नाही. ज्यांना पाचगणी परवडत नव्हती अशा लाखो लोकांसाठी ही शुभवार्ताच होती. आजही जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत हे ध्यानी घेता तिचे मोल अधिकच कळते.

सॅरनॅक लेकच्या ओसऱ्या रिकाम्या झाल्या. बहुतेक ठिकाणी त्या पाडल्या नाहीत. तेथे मुलांचे पलंग आले, झाडांच्या कुंड्या आल्या. रोग्यांच्या घराण्याची झाडांच्या घराण्याशी सोयरीक झाली, आणि त्या संसारातून आजची सनरूम जन्मली. आज विक्रेते तिचे दोन मुख्य प्रकार सांगतात. एक 'तीन ऋतूंची', म्हणजे न तापवता वापरायची, पातळ काचेची, स्वस्त. दुसरी 'चार ऋतूंची', म्हणजे दुहेरी काच, भिंतीत उष्णतारोधक थर आणि घराच्या तापयंत्राशी जोडलेली. पहिली ओसरीची लेक, दुसरी ऑरेंजरीची.

१९७३ च्या तेलसंकटानंतर या खोलीला तिसरा अर्थ मिळाला. दिवसा ऊन साठवून रात्री घर उबदार ठेवायचे, यासाठी काच आणि घर यांच्यामध्ये जाड भिंत घालू लागले. ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री सावकाश ऊब सोडते. आपल्या लडाखमध्ये याच तत्त्वावर घरांना दक्षिणेकडे काचेची खोली जोडतात. उणे तापमानात सरपण जाळण्याऐवजी तेथे ऊन पांघरले जाते. भारतात सनरूमचे खरे घर कोठे असेल तर ते तेथे.

आणि कोकणात? वसईच्या जुन्या घरांची ओटी घ्या किंवा गोव्याचा बाल्कांव घ्या; आपल्या पूर्वजांनीही घरापुढे एक खोली जोडली, पण ती उन्हासाठी नव्हे, सावलीसाठी आणि शेजारधर्मासाठी. खिडक्यांना त्यांनी शिंपल्यांची तावदाने बसवली. त्यांतून उजेड झिरपतो, झळ मात्र येत नाही. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो आणि जूनमध्ये तो माथ्यावरून किंचित उत्तरेला कलतो. येथे काचेची बंद खोली म्हणजे प्लिनीची भट्टीच. तरीही शहरांतल्या सदनिकांच्या गॅलऱ्या आपण एकामागून एक सरकत्या काचांनी बंद करीत आहोत. जागा हवी असते, पाऊस अडवायचा असतो, धूळ नको असते. ही कारणे खोटी नाहीत. पण काच लावताना ती पुन्हा पुरती उघडेल अशी लावावी, एवढे तरी सॅरनॅक लेककडून शिकता येईल.

तेव्हा कोणत्या प्रकारची सनरूम बांधावी, या प्रश्नाचे उत्तर इतिहास असे देतो: आधी त्या खोलीत कोण बसणार आहे ते ठरवा. झाड बसणार असेल तर वरून उजेड येऊ द्या. थंडीने गारठलेले कुटुंब बसणार असेल तर दक्षिण धरा आणि मागे जाड भिंत घाला. घरातले वृद्ध किंवा आजारी माणूस बसणार असेल तर त्याच्या खोलीतून त्याची खाट सहज बाहेर येईल इतके दार रुंद ठेवा, आणि खिडकी उघडी राहील अशी करा. क्यूच्या वास्तुशिल्पज्ञाला जे साधले नाही, ते सॅरनॅक लेकच्या अडाणी सुतारांना साधले. कारण त्यांनी खोली बांधण्यापूर्वी खाटेवरच्या माणसाकडे पाहिले होते.